सपाट केलेली पांढर: गोदामाच्या जागेवरील पुरातत्त्वीय सर्वेक्षणाच्या नोंदी

प्रवरा खोऱ्यात, नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी २२ हेक्टर शेतजमिनीवर गोदामं आणि शीतगृह उभं राहणार आहे. त्याआधी जमिनीत जुन्या वस्तीचे अवशेष, म्हणजे गावाच्या बोलीत ‘पांढर’ (जुन्या वस्तीची फिकट माती), आहेत का, असले तर कुठे आणि कितपत शाबूत, हे पाहण्याचं काम आमच्याकडे आलं. खासगी जमिनीवर बांधकामापूर्वी असं सर्वेक्षण आपल्याकडे सरसकट सक्तीचं नाही. इथे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अटींत सांस्कृतिक वारशाची तपासणी होती, म्हणून ते झालं. पुढे कुणाला असंच काम करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. गावाचं नाव आणि गट नंबर मुद्दाम दिलेले नाहीत. नाण्यांसाठी मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणारे अशा नोंदींवरूनच जागा हेरतात.

२८ जानेवारी – कागद

सातबारे, गटाचे नकाशे, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि गूगल अर्थवरची मागच्या वर्षांची चित्रं जमा केली. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक अहवालांत या पट्ट्यातल्या जुन्या पाहण्यांच्या नोंदी मिळतात, त्याही चाळल्या. खोरं नवखं नाही. संगमनेर तालुक्यातलं जोर्वे, जिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि ज्याच्यावरून जोर्वे संस्कृतीला (तांबं आणि दगड वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या) नाव पडलं, ते प्रवरेवरच. ज्या दायमाबादला १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेड्याची कांस्यशिल्पं सापडली, तेही प्रवरेवरच. नदीच्या आणखी खालच्या अंगाला नेवासा, तेही जुन्या वस्तीचं ठिकाण. त्यामुळे ‘इथे काही नसेल’ असं गृहीत धरून सुरुवात करणं चुकीचं ठरलं असतं.

सर्वांत उपयोगी निघालं ते कोरोना या अमेरिकी हेर-उपग्रहाचं १९६० च्या दशकातलं छायाचित्र. ही हेरगिरीची चित्रं १९९५ मध्ये खुली झाली आणि आधी स्कॅन झालेली पट्टी असेल तर विनामूल्य उतरवून घेता येते. जेसीबी शेतात यायच्या आधीची जमीन त्यात दिसते. आमच्या चित्रात दोन फिकट डाग आहेत, एक पूर्वेला रस्त्याजवळ, एक पश्चिमेला ओढ्याकडे. आजच्या चित्रात पूर्वेचा अंधुक दिसतो, पश्चिमेचा अजिबात नाही.

३ फेब्रुवारी – माणसं

काल आणि आज शेतकऱ्यांशी बोलण्यात गेले आणि ते वेळापत्रकात धरलेलंच नव्हतं. गटांचे व्यवहार अजून पूर्ण झालेले नाहीत, बऱ्याच शेतांत पीक उभं आहे. सगळ्यांच्या मनात एकच भीती: खापर सापडलं की पुरातत्त्ववाले जमीन घेणार आणि सौदा मोडणार. तिला बगल देऊन पुढे जाता येत नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीतली १०० मीटर बांधकामबंदीची आणि पुढच्या २०० मीटर नियंत्रणाची हद्द ही केंद्र-संरक्षित स्मारकांना लागू होते, शेतात खापरं सापडली म्हणून आपोआप लागू होत नाही, हे एकेका घरी बसून सांगितलं. दुसऱ्या बाजूने, जे सापडेल ते आम्ही लपवणार नाही, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं.

खणायचं काहीच नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. संरक्षित नसलेल्या जागेवरसुद्धा उत्खननाला राज्य सरकारलाही केंद्राची पूर्वपरवानगी लागते, त्याच १९५८ च्या कायद्याने. छोटा चाचणी खड्डासुद्धा नाही. जमिनीवर जे दिसेल ते मोजायचं, आधीच उघडे असलेले छेद (विहिरीच्या भिंती, ओढ्याचे काठ) पाहायचे आणि नोंदवायचे, एवढंच. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कामाची माहिती लेखी कळवली आणि पोच घेतली. ही पोच जवळ असू द्या. तिसऱ्याच दिवशी एकाने ती मागितली.

९ फेब्रुवारी – पहिली चाल

१० मीटर अंतराने रांगा. २२ हेक्टर म्हणजे २२ किलोमीटर चाल, पण प्रत्यक्षात चालता येण्याजोगी जमीन निम्मीच. ऊस आणि घास यांत काहीच दिसत नाही. गव्हातही नाही. हरभरा निघालेली आणि नांगरून ठेवलेली रानं उत्तम. कांद्याच्या वाफ्यांत दिसतं, पण पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न. तुडवलेल्या कांद्याचे ₹१,२०० दिले. योग्य होते.

रांगा कागदावर उत्तर-दक्षिण आखल्या होत्या. ते शेतात टिकलं नाही. सऱ्या तिरप्या, माणूस नकळत सरीच्या दिशेने वळतो आणि दोन रांगा एकमेकींत मिसळतात. दुपारनंतर पद्धत बदलली: प्रत्येक गटात सरीच्याच दिशेने चालायचं, टोकाला फक्कीची खूण करायची, दर २० मीटरला आकडा लिहायचा. सरीच्या तळाला खापरं धुऊन जमतात, ती दिसतातही चांगली.

प्रकाशाचं म्हणाल तर काळ्या मातीवर भर दुपारी डोळे दिपतात आणि लाल खापर आणि ढेकूळ सारखंच दिसू लागतं. सकाळी ऊन तिरपं असताना आणि दव असताना खापराचा रंग उठतो. उद्यापासून साडेसहाला सुरुवात, अकराला बंद, उरलेला वेळ मोजदाद आणि बोलणं.

१० फेब्रुवारी

शंका होती म्हणून तपासणी केली. एका रिकाम्या रानात कौलांचे ५० रंगवलेले तुकडे टाकून सगळ्यांना आळीपाळीने त्यातून चालायला लावलं. आमच्याबरोबर मोजणी करणाऱ्या विद्यार्थ्यांना निम्म्याच्या आसपास दिसले, गावातल्या ज्या तरुणाला झेंड्या धरायला घेतलं होतं त्याला बहुतेक सगळे. त्याचं आयुष्य या मातीकडे बघण्यात गेलेलं आहे. त्याला मोजणाऱ्यांत घेतलं आणि मजुरीही मोजणाऱ्याची दिली. जोड्या रोज बदलायच्या ठरवल्या, म्हणजे एखाद्या गटात खापरं जास्त दिसणं हा माणसाचा फरक आहे की जमिनीचा, हे नंतर कळेल. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायला हवी. आमची कालची रांग न् रांग पुन्हा चालावी लागली.

१४ फेब्रुवारी – पूर्वेचा गट

कोरोना चित्रातला पूर्वेचा डाग दोन भागांत विभागला. त्यातला मोठा भाग चोपण निघाला. भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने आल्यापासून या पट्ट्यात बऱ्याच जमिनी क्षाराने पांढऱ्या पडल्या आहेत आणि आकाशातून चोपण आणि पांढर यांत फरक दिसत नाही. जमिनीवर मात्र लगेच दिसतो. चोपणीवर क्षाराची पापडी आणि खुरटं गवत, खापर नाही. पांढरीची माती मऊ, भुरभुरीत, हातावर चोळली की बोटांच्या रेषांत राखेसारखी बसते.

लगतच्या गटात मात्र खापरंच खापरं. २० मीटरच्या एका टप्प्यात ७० च्या वर. लाल घोटीव खापर, त्यावर काळे पट्टे, एक तुटकी तोटी. जोर्वे, शंका नाही. नेमकं इथेच मुख्य गोदामाची शेड आखलेली आहे. संध्याकाळी कंपनीच्या अभियंत्यांचा फोन आला, ‘मॅडम, काही मिळालं का?’ उद्या सांगते म्हटलं. रात्री नकाशावर रेघ मारताना एक गोष्ट खटकली. खापरांचा पसारा दोन बाजूंनी अगदी सरळ कापल्यासारखा थांबतो, थेट बांधावर. वस्ती बांध बघून थांबत नाही.

१६ फेब्रुवारी – ती खापरं तिथली नव्हती

हा भाग सविस्तर लिहिते, कारण इथे घाई केली असती तर गोदामाची जागा विनाकारण हलली असती आणि खरी जागा हातची गेली असती.

पहिली तपासणी वजनाची. पूर्वेच्या गटातल्या खापरांचं सरासरी वजन ४ ग्रॅम निघालं. म्हणजे फार बारीक तुकडे. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. हल्ली सगळीकडे रोटाव्हेटर चालतो आणि तो जागच्या खापरांचाही चुरा करतो. म्हणून कडा बघितल्या. रोटाव्हेटरने फुटलेल्या खापराची कड ताजी, आतला गाभा उजळ. इथल्या बहुतेक कडा गोल घासलेल्या, तुटल्यावर बराच काळ आणि बरीच वाट हललेल्या.

दुसरी तपासणी विहिरीची. गटाच्या कोपऱ्यात जुनी, न बांधलेली विहीर आहे. तिच्या भिंतीत वरचा ३० सेंटिमीटरचा थर भुरकट, त्यात खापरं. त्याखाली एकदम स्वच्छ काळी माती, खाली पिवळट गाळ. राख नाही, जळकी माती नाही, जमीन चोपल्याचा थर नाही. माणूस तिथे राहिलाच नव्हता.

तिसरी आणि निर्णायक गोष्ट गटाच्या मालकाच्या वडिलांनी सांगितली. आम्ही विहिरीत वाकून बघत होतो तेव्हा ते येऊन उभे राहिले. म्हणाले, “ताई, ती खापरं हितली नाहीत. वढ्याकडं पांढर होती, तिथली माती गाड्या भरभरून आणून टाकलीया आम्ही. खत म्हणून. माझा बाप टाकायचा, मीबी टाकली.” धाब्याच्या घरांवर घालायला आणि रानाला खत म्हणून पांढरीची माती वाहून नेणं ही या भागातली जुनी रीत आहे. जुन्या वस्त्यांची कितीतरी टेकाडं अशीच संपली. त्यात शेतकऱ्याचा दोष धरण्यात अर्थ नाही, त्यांच्यासाठी ती सुपीक माती होती आणि आहे.

मी त्यांना विचारलं, आणखी कुठल्या रानांत टाकली? त्यांनी बोटाने चार गट दाखवले. आमच्या मोजणीत त्या चारपैकी तीन गटांत खापरांची दाटी आलेली होती. चौथा उसाखाली आहे.

इथून पुढच्यांसाठी: पसारा बांधावर थांबतो का पाहा, कडा पाहा, उघडा छेद शोधा, आणि हे सगळं करायच्या आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा की माती कुठून कुठे गेली. तळ्यांचा, धरणांचा गाळही हल्ली मोठ्या प्रमाणात रानात येतो, तोही विचारा. आम्ही माणसांशी बोललो होतो, पण विकण्याविषयी आणि परवानगीविषयी. मातीविषयी विचारलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी – डाग जागेवर बसवला

मग ती पांढर कुठे? गाव सांगतं ओढ्याकडे. कोरोना चित्र सांगतं ओढ्याकडे. पण चित्र नकाशावर बसवल्यावर डाग पडतो तो एका नांगरलेल्या रानात, जिथे आम्ही चाललो आणि हाताला जेमतेम काही लागलं. दोन दिवस यात गेले.

कारण साधं होतं. चित्र बसवताना खुणा म्हणून रस्त्याची वळणं घेतली होती आणि रस्ता मधल्या काळात रुंद होऊन सरकला आहे. शिवाय जुना नकाशा एव्हरेस्ट या जुन्या मोजणी-पद्धतीचा, आमचे बिंदू जीपीएस वापरतो त्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीचे. तो फरक दुरुस्त न करता दोन्ही एकावर एक ठेवले की सगळंच शंभरएक मीटर सरकतं. आता खुणा बदलल्या: जुनं देऊळ, दोन जुन्या विहिरी, ओढ्याचा संगम. ज्या वस्तू साठ वर्षांत हललेल्या नाहीत त्याच घ्यायच्या. डाग ९० मीटर पश्चिमेला गेला आणि थेट उसात जाऊन बसला. मालकाने सांगितलं, ठिबक बसवताना जेसीबी लावून टेकाड सपाट केलं होतं, वरची माती ओढ्याच्या बाजूला लोटली.

हे कळल्यावर अभियंत्यांचं म्हणणं असं पडलं की सपाट झालंय म्हणजे आता काही उरलेलं नाही, अहवालात ‘नष्ट’ लिहा आणि पुढे चला. त्यांना त्यांचं वेळापत्रक आहे, मी समजू शकते. पण सपाट झालं आणि संपलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती माती गेली आणि किती उरली हे बघितल्याशिवाय मी तो शब्द लिहिणार नाही, असं कळवलं.

२ मार्च – मॅग्नेटोमीटर

उसाची तोडणी व्हायची होती तोवर लगतच्या मोकळ्या पट्ट्यात मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारं यंत्र, चालवून पाहिला. भाडं आणि चालवणारा मिळून ₹३६,००० गेले. हाती गोंधळ आला. बेसॉल्ट मुळातच चुंबकीय, बांधात आणि रानात त्याचे धोंडे, त्यात पंपाची केबल, तारेचं कुंपण, ठिबकच्या लोखंडी खुंट्या. चूल किंवा भट्टी ओळखू यावी असा एकही आकार वेगळा निघाला नाही. जमिनीत शिरणाऱ्या रडारचा विचार केला आणि सोडला. ओल्या चिकणमातीत रडारची लाट फार खोल जात नाही आणि उसाचं रान म्हणजे पाणी. मॅग्नेटोमीटरच्या पैशात दोन माणसांची महिनाभराची मजुरी निघाली असती. बेसॉल्टवरच्या शेतात आधी अर्धा दिवस छोट्या तुकड्यावर चाचणी घ्या, मगच पूर्ण भाडं ठरवा.

११ मार्च – ऊस निघाला

तोडणीची टोळी आली आणि गेली. आता पाचट. जाळलं असतं तर रान मोकळं झालं असतं, पण पेटल्याने माती भाजते आणि जुनी जळकी माती कुठली आणि कालची कुठली ते कळेनासं होतं. मालकाला तसंही खोडव्यासाठी पाचट ठेवायचंच होतं. १० मीटरवर दोन-दोन मीटरचे पट्टे साफ करायचे, पाहून झालं की पाचट परत पसरायचं, असं ठरलं. मजुरी ₹९,०००. या कामातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च.

पट्टे साफ होताच चित्र पालटलं. माती फिकट, मधूनमधून राखेचे गोल डाग. खापरांचं सरासरी वजन १८ ग्रॅम, कडा टोकदार. पोटाला धार असलेल्या वाडग्यांचे काठ, तोट्या, काळ्या रंगात तिरप्या रेघा आणि जाळीची नक्षी. चांगलं भाजलेलं जोर्वे खापर दुसऱ्यावर आपटलं की खणखणतं, तो आवाज इथे पट्ट्या-पट्ट्यातून येत होता. कॅल्सेडनी या गारेसारख्या दगडाची समांतर धारांची पाती, ती ज्यातून काढली ते दगडी गाभे, पाट्याचे तुकडे, शिंपले, कुडाचे ठसे असलेली जळकी माती. उत्तरेच्या टोकाला वेगळा माल: सातवाहन काळातली तांबडी खापरं, विटांचे तुकडे आणि भाजक्या मातीचे सुपारीच्या आकाराचे मणी. म्हणजे जोर्वेची वस्ती साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० मधली, आणि काही शतकांनंतर तिच्या कडेला पुन्हा माणसं आली.

उचललं फक्त तेच, ज्यावरून काळ किंवा आकार ठरतो: काठ, बूड, तोटी, रंगकाम. बाकी जागच्या जागी मोजून सोडलं. हजारो बिनओळखी तुकडे पोत्यांत भरून आणले की ते वर्षानुवर्षं कुठल्या तरी खोलीत पडून राहतात आणि जमिनीवरचा पुरावा मात्र कायमचा जातो.

१३ मार्च – ओढ्याचा छेद

मालकाने टेकाड लोटलं तेव्हा ओढ्याच्या बाजूला जेसीबीने उभा काप दिला होता. आजही तो दीड मीटर उंच आणि सुमारे १२ मीटर लांब उघडा आहे. खरवडून साफ करायचा मोह होतो, पण खरवडणं म्हणजे उत्खननाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल. फक्त लोंबणारी मुळं कापली, मोजपट्टी लावली आणि सूर्य तिरपा होण्याची वाट पाहिली. साडेपाचच्या उन्हात थर स्वतःच उठून दिसले.

वरचा ४० सेंटिमीटर भाग लोटलेला, ढवळलेला, त्यात पाइपचा तुकडासुद्धा. त्याखाली जागेवरची वस्ती. चोपून चुन्याचा हात दिलेल्या घरांच्या दोन जमिनी, मध्ये राख, एका चुलीचा भाजलेला कट. तळाला काळी माती.

काळ्या मातीबद्दल एक इशारा. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून मिटते, आणि वरची खापरं भेगांतून खाली उतरतात. आमच्या छेदात तळाच्या काळ्या मातीत अर्धा मीटर खाली जोर्वेचं एक खापर आहे. सरळ बघितलं तर वाटेल वस्ती तिथपर्यंत खोल. पण त्याच्याभोवती पांढऱ्या मातीने भरलेली भेग स्पष्ट दिसते. म्हणून वस्तीचा तळ आम्ही सर्वांत खालच्या खापरावरून धरला नाही, खालच्या चोपलेल्या जमिनीवरून धरला. खोलीचा आकडा पुढे पायाच्या आराखड्यात वापरला जाणार आहे, त्यात अर्धा मीटर इकडचा तिकडे झाला तर दोन्हीकडून नुकसान.

छेदाच्या दक्षिण टोकाला, खालच्या जमिनीच्या पातळीखाली एक खड्डा दिसतो. त्यात दोन राखाडी मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. काप त्यांच्या कडेला चाटून गेला आहे, आत माती भरलेली आहे. जोर्वे काळात लहान मूल गेलं की त्याला अशाच दोन मडक्यांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननात अशी कितीतरी दफनं मिळाली. आत काय आहे ते आम्ही पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही. पण जागा, खोली आणि ठेवण बघता दुसरं काही असण्याची शक्यता फार थोडी.

आम्ही सगळे काही वेळ न बोलता उभे होतो. विद्यार्थिनीने मडक्यांना हात न लावता फोटो घेतले, मी मोजमाप लिहिलं. मालकाला बोलावून दाखवलं. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि विचारलं, “आता काय करायचं, ताई?” ओल्या मातीची पोती समोर रचून काप झाकून टाकला. त्याच संध्याकाळी फोटो आणि बिंदू संचालनालयाला पाठवले, प्रत तहसीलदारांना.

‘नष्ट’ या शब्दाचं उत्तर इथे मिळालं. टेकाड सपाट करताना वरची घरं गेली, हे खरं. पण घरांच्या जमिनीखाली जे पुरलेलं होतं ते जेसीबीच्या पात्याच्याही खाली होतं. खरं तर आता ते जास्त धोक्यात आहे, कारण त्याच्यावर पूर्वी दोन-तीन मीटर माती होती आणि आता अर्धा मीटरच आहे.

१४ मार्च

ड्रोनने उंचीचा नकाशा. ड्रोन नियमांतल्या हिरव्या पट्ट्यात १२० मीटर उंचीपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर जागा तपासून घेतली. ऊस निघाल्याने जमीन मोकळी होती. सपाट दिसणाऱ्या रानातही ६० सेंटिमीटरचा फुगवटा निघाला, डागाच्या जागी, अंडाकृती. नियंत्रण बिंदू आरटीकेने, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने, घेतले. हातातल्या जीपीएसची तीन ते पाच मीटरची चूक चालीच्या वेळी चालते, रेघ आखताना नाही.

२० मार्च – रेघ

आजची बैठक आतापर्यंतची सर्वांत महत्त्वाची. वस्तीचं क्षेत्र सुमारे १.८ हेक्टर, भोवती २० मीटरचा पट्टा. कंपनीने सुचवलं: इमारत नको तर ट्रक उभे करायचं मैदान करू, वरून भराव टाकू. ऐकायला रास्त. पण मी विचारलं, मैदानाचा पाया कसा घालणार? उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं. काळी माती फुगते म्हणून मीटर-सव्वा मीटर उकरून काढायची आणि मुरूम भरायचा. म्हणजे ‘फक्त पार्किंग’ म्हणता म्हणता उरलेली सगळी वस्ती डंपरमध्ये जाते. हे सर्वेक्षण करणाऱ्या प्रत्येकाने विचारून घ्यावं. आराखड्यावर रिकामी दिसणारी जागा जमिनीखाली रिकामी ठेवली जाणार आहे का, याचं उत्तर आराखडा स्वतःहून देत नाही. पावसाच्या पाण्याचे शोषखड्डे, केबलचे चर, कुंपणाच्या खांबांचे पाये, झाडांचे खड्डे, सगळं विचारावं लागतं.

चार तासांनी ठरलं ते असं. मांडणीत नियमाने जी मोकळी जागा सोडावीच लागते, ती पूर्वेकडून उचलून या १.८ हेक्टरवर आणायची. मुख्य शेड पूर्वेच्या गटात आहे तिथेच राहील, कारण तिथली खापरं गाडीने आलेली आहेत. वस्तीवर उकरणं पूर्ण बंद. जमिनीवर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड), त्यावर बाहेरून आणलेली ४० सेंटिमीटर माती, त्यावर गवत. खोल मुळांचं झाड नाही. ओढ्याच्या कापाला आधाराची गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेली, भिंत, पण पाया न खणता, समोरून टेकवलेली. कापडाचा आग्रह अशासाठी की पन्नास वर्षांनी कुणी उत्खनन केलं तर आमची माती कुठे संपते आणि त्यांची कुठे सुरू होते ते एका नजरेत कळावं.

शेडच्या बाजूला पाया खणताना आमच्यातलं एक माणूस हजर राहील. काही निघालं तर काम थांबवून कुणाला कळवायचं त्याचं एक पान मराठीत आणि एक हिंदीत लिहून ठेकेदाराच्या मुकादमांना दिलं, कारण यंत्र चालवणारी माणसं बरीचशी बाहेरची आहेत. जमिनीत पुरलेला ऐवज सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, हे त्यात ठळक अक्षरांत घातलं.

२७ मार्च – खर्च

मजुरी, प्रवास, पिकांची भरपाई, पाचट, आरटीकेचं भाडं, ड्रोन आणि चित्रकाम धरून ₹२,४०,००० च्या आसपास, मॅग्नेटोमीटर वेगळा. आमचं मानधन यात नाही. सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो उसाने. काम डिसेंबरात ठरलं असतं तर कारखान्याकडे तोडणीचा क्रम विचारून त्याप्रमाणे चालीचं वेळापत्रक बांधता आलं असतं. ऊस, घास असलेल्या पट्ट्यात सर्वेक्षणाचा करार करताना ‘पीक निघेपर्यंत अहवाल अंतिम नाही’ हे वाक्य करारात घाला. आमच्या करारात नव्हतं, आणि दोनदा त्यावरून वाद झाला.

९ एप्रिल

संचालनालयाचे अधिकारी येऊन जागा पाहून गेले. काप उघडून दाखवला, परत झाकला. त्यांच्या मते मडक्यांचा भाग जागेवरच सुरक्षित राहत असेल तर आत्ता काढण्याची घाई करू नये. माझंही मत तेच आहे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला तर पोती टिकणार नाहीत, म्हणून गॅबियन मे अखेरीस पूर्ण व्हायलाच हवी, असं पत्रात लिहून घेतलं.

सुधारित आराखडा आज हातात आला. वस्तीची हद्द त्यात आहे, पण तिच्या कोपऱ्यातून पावसाच्या पाण्याची एक नळी नेलेली दिसते. सकाळी अभियंत्यांना फोन केला, नळी कुंपणाबाहेरून वळवायला ते तयार आहेत. वळवलेली नळी दाखवणारं पान मिळेपर्यंत आराखड्यावर सही करणार नाही.

खापरांची चित्रं अजून निम्मी बाकी आहेत. चौथा गट, जिथे पांढरीची माती टाकल्याचं आजोबांनी सांगितलं होतं, तो अजून उसाखाली आहे. तिथली तोडणी झाली की पुन्हा जाणार.